छाटणीनंतरचा एक्केचाळिसावा दिवस

द्राक्षबागेत तारीख कुणी विचारत नाही. "कितवा दिवस?" असं विचारतात. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, झाली त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे फुटतात, चाळिशीत फुलोरा येतो, ऐंशीच्या पुढं मण्यात पाणी फिरतं, म्हणजे मणी मऊ पडायला लागतो, आणि सव्वाशेच्या आगंमागं माल उतरतो. औषध, पाणी, खत सगळं त्या आकड्याला बांधलेलं असतं. आमची बाग तासगाव तालुक्यात, मणेराजुरीला. दोन एकर. आबांच्या वहीत दर हंगामाला चार-पाच पानं भरतात आणि शेवटच्या पानाच्या तळाशी दोन आकडे असतात, मध्ये तिरकी रेघ. डावीकडचा आकडा दिवाळीच्या सुमाराला सांगितलेला, उजवीकडचा प्रत्यक्ष निघालेला. टनात. 18/16. 20/21. एका पानावर 20/7 आहे. ते 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसाचं वर्ष.

लहानपणी या वहीत मला काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं, कारण गेली चौदा वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि या चौदा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आहे, "किती दिवस लागतील?" आधी पुण्यात नऊ वर्षं हिंजवडीला, आणि आता इथं सांगलीत, विश्रामबागला, सहा जणांच्या छोट्या टीममध्ये.

पुण्यातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. मीटिंग संपता संपता मला विचारलं गेलं, ढोबळ सांग, कुणी धरून ठेवणार नाही. मी म्हटलं, दोन आठवडे. संध्याकाळपर्यंत ते दोन आठवडे तारीख होऊन ग्राहकाच्या कागदावर गेले होते. काम सात आठवडे चाललं. सहाव्या आठवड्यात तीन माणसं वाढवून दिली, आणि त्यांना काम समजावण्यात माझे हातातले दिवसही गेले. उशिरा चाललेल्या कामात माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो, हे आयबीएममधल्या मोठ्या कामाच्या अनुभवावरून फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं आहे. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मी खोटी ठरले.

त्यानंतर मी जे केलं ते जास्त वाईट होतं. मी आकडे फुगवायला लागले. आठवड्याचं काम वाटलं की तीन आठवडे सांगायचे. वर बसलेल्यांनाही ते कळायला वेळ लागला नाही, ते सांगितलेल्याचं निम्मं करायला लागले. मी वाढवणार हे त्यांना ठाऊक, ते कापणार हे मला ठाऊक. असे दोन जण समोरासमोर बसून जे बोलतात त्याला बोलणं म्हणता येत नाही. पण माझ्या बरोबरीचे कितीतरी हुशार लोक वर्षानुवर्षं हेच करत होते, अजूनही करतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण ही माणसं कामात अतिशय प्रामाणिक होती. फक्त या एका प्रश्नाला खरं उत्तर देणं त्यांना परवडत नव्हतं.

माणसाचा अंदाज कमीच येतो, हे आता नीट तपासलेलं आहे. डॅनियल काह्नेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या दोषाकडे बोट दाखवलं. पुढं 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी पूर्ण कराल? सरासरी उत्तर आलं 33.9 दिवस. प्रत्यक्षात लागले 55.5. आणि सगळं बिघडत गेलं तर किती लागतील, या प्रश्नाचं उत्तर होतं 48.6. म्हणजे वाईटात वाईट धरूनही आठवडाभर कमीच पडले. कारण साधं आहे. अंदाज करताना आपण समोरच्या कामाच्या आत शिरतो, एकेक पायरी मनात चढतो आणि प्रत्येक पायरी नीटच चढली जाते. मागच्या वेळी कुठं अडखळलो होतो ते त्या चित्रात येतच नाही. ते यायचं तर कामाकडे बाहेरून बघावं लागतं. असल्या कामाला आजवर किती दिवस लागले? आबांच्या वहीतली तिरकी रेघ म्हणजे तेच.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग नावाच्या, सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीतून पुढं आलेले पॉइंट्स, म्हणजे कामाचा आकार सांगणारे आकडे, हाही या दुखण्यावरचाच उपाय होता. सुरुवातीला ते लोक "आदर्श दिवस" सांगायचे, म्हणजे कुणी मध्ये आलं नाही, फोन वाजला नाही, तर लागेल तो दिवस. प्रत्यक्षात त्याच्या साधारण तिप्पट वेळ जायचा. मग वरचे विचारायचे, तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस कसे? म्हणून दिवस हा शब्दच काढून टाकला आणि नुसते पॉइंट्स म्हटलं. हे काम त्या कामाच्या दुप्पट, एवढंच सांगायचं. हे सांगणारे, त्या पद्धतीच्या सुरुवातीच्या लोकांतले रॉन जेफ्रीज पुढं असंही म्हणाले की पॉइंट्स कदाचित मीच काढले असतील, आणि काढले असतील तर आता मला त्याचा खेद आहे. तो खेद मला कळतो. पुण्यात एकदा दोन टीमचे पंधरवड्याचे पॉइंट्स एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी लावले होते. दोन महिन्यांत आमचे पॉइंट्स चांगले वाढले. काम तेवढंच होतं. पूर्वी ज्याला पाच म्हणायचो त्याला आठ म्हणायला लागलो होतो, आणि तसं कुणी ठरवलंही नव्हतं.

आपल्याकडे आणेवारी आहे, आता पैसेवारी म्हणतात. नेहमीचं चांगलं पीक म्हणजे रुपया, त्याच्या मानानं यंदाचं किती, एवढंच ती सांगते. तीही टनात बोलत नाही, तुलनेत बोलते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, असा तो आकडा तीनदा येतो, आणि यात केवढं शहाणपण आहे! पहिला अंदाज चुकणार हे धरूनच चालायचं. पण 50 पैशांच्या आत आलं तर टंचाईच्या सवलती, म्हणून सगळ्या गावाचा जीव त्या एका आकड्यात अडकतो. मापाला पैसा किंवा अब्रू चिकटली की ते माप राहणं अवघड होतं, मग ते पिकाचं असो की आमच्या कामाचं.

सांगलीत आल्यावर आमच्याकडे एक काम आलं. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर. ज्यांना सांगली-तासगावचा बेदाणा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर तो वाळतो, 15 किलोच्या बॉक्समध्ये भरला जातो आणि सौदे होईपर्यंत चार-पाच अंशांच्या थंडीत राहतो. फेब्रुवारीत आवक सुरू झाली की ट्रकमागून ट्रक लागतो. प्रत्येक गाडीची आवक पावती, कुठल्या चेंबरमध्ये कुठल्या थप्पीला माल, त्यावर बँकेचं तारण, जावक, महिन्यांप्रमाणे भाडं. हे सगळं आजवर जाडजूड वह्यांमध्ये होतं आणि दिवाणजींच्या डोक्यात होतं.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. सप्टेंबरच्या मध्यावर पहिल्या बैठकीत ते म्हणाले, "ताई, मला तारीख सांगा. जानेवारीअखेर सगळं पाहिजे."

आम्ही यादी केली. भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठी म्हणजे वापरणाऱ्याच्या हाती पडेल असं एकेक छोटं काम. नव्वद झाल्या. मग आकडे लावायला बसलो, पत्ते घेऊन. ही पत्त्यांची रीत 2002 मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी काढली. बैठकीत अनुभवी माणसं बोलत राहतात आणि बाकीचे नुसते बसून राहतात, हे बघून. प्रत्येकानं आपला पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा. पत्त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे. याला जग फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचे आकडे म्हणतं. त्याचं पुस्तक 1202 चं. पण त्याआधी 1150 च्या सुमाराला गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी हेच आकडे छंदशास्त्रात मांडले होते. लघु एक मात्रा, गुरू दोन. चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येते? पाच. पाच मात्रांची? आठ. सहांची? तेरा. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता आणि तो मी टीममधल्या प्रत्येकाला बोलावून बोलावून सांगितला.

आकडे पुढं पुढं लांब जातात त्याला कारण आहे. हमालाच्या पाठीवर 1 किलो आणि 2 किलो यांतला फरक कळतो, 40 आणि 41 मधला कळत नाही. मोठ्या कामाचा बारीक अंदाज म्हणजे आपणच आपल्याला सांगितलेली थाप.

"बॉक्सवर बारकोड चिकटवून स्कॅन करणे" ही चिठ्ठी आली तेव्हा पाच पत्ते उलटले ते 3 आणि 5 चे. सहावा 13 चा. तो आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याचा होता, कामावर येऊन चार महिने झालेल्या मुलाचा. त्यानं पत्ता लगेच परत घ्यायला हात पुढं केला. मी म्हटलं, थांब, का सांग. तो म्हणाला, "मामाच्या कोल्ड स्टोरेजला मी सुट्टीत जायचो. बॉक्स बाहेर काढला की त्याला घाम येतो. कागद हातात येतो." आम्हा पाच जणांना मिळून जे माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं, आणि पत्ता पालथा नसता तर तो गप्प बसला असता. त्या तासाभरात जे आकडे निघाले त्यांतला एकही आज मला आठवत नाही. घाम आठवतो. माझ्या मते अंदाजाच्या बैठकीतून हातात पडायची गोष्ट हीच. बारकोडची चिठ्ठी आम्ही बाजूला काढली आणि आधी स्टिकरचा नमुना आणून चेंबरमध्ये ठेवून बघायचं ठरलं.

तारखेचा हिशेब मात्र आम्ही पत्त्यांवरून केला नाही. आमच्या मागच्या कामाच्या बारा आठवड्यांची नोंद होती, दर आठवड्याला किती चिठ्ठ्या पूर्ण झाल्या याची. कमीत कमी 3, जास्तीत जास्त 6. त्या बारा आकड्यांतून संगणकाला डोळे मिटून एकेक आठवडा उचलायला लावायचं आणि यादी संपेपर्यंत मोजायचं, असं हजार वेळा. यात गणित फारसं नाही, नुसती चिकाटी आहे. नव्वद चिठ्ठ्या फेब्रुवारीच्या आधी संपल्या असं क्वचितच झालं. आणि मधल्या काळात नव्या चिठ्ठ्या येणार त्या वेगळ्याच.

ही नोंद ठेवताना एक गोष्ट लक्षात आली होती. हाताला लागणारा वेळ आणि कॅलेंडरवरचा वेळ यांचा फारसा संबंध नसतो. दोन दिवसांचं काम अकरा दिवस भिंतीवर असतं. चार दिवस तपासणाऱ्या मुलीकडे रांगेत, तीन दिवस ग्राहकाच्या एका उत्तराची वाट बघत, दोन दिवस मध्येच आलेल्या दुसऱ्या कशासाठी तरी बाजूला. पुण्यातल्या माझ्या सात आठवड्यांचंही तेच झालेलं होतं. लिहायला मी दोनच आठवडे घेतले होते, बरोबर सांगितले होते तेवढे. पण मी कामाचे दिवस सांगितले आणि त्यांनी वाट बघण्याचे दिवस विचारले होते. तेव्हापासून आम्ही एका वेळी चारपेक्षा जास्त चिठ्ठ्या उघडत नाही. अंदाज सुधारायला याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झालेला नाही.

तर नव्वद बसत नव्हत्या. त्या रविवारी मी गावी होते. आबांना सांगितलं. ते वेलीच्या ओलांड्यावरून हात फिरवत म्हणाले, "मग विरळणी करा की. वेलीला साठ घड ठेवलं तर साठच्या साठ बारीक ऱ्हात्यात. आमी पस्तीस ठेवतो. तोडताना जिवाला लागतंय, पर तोडायचंच."

आबांचा हिशेब असा असतो. नऊ बाय पाचची लागण, एकराला साडेनऊशेच्या वर वेली. वेलीला पस्तीस घड, घड तीनशे ग्रॅमचा. झाले दहा टन. फुटी दिसायला लागल्या की ते दर दहाव्या ओळीत जाऊन खरोखर घड मोजतात. मग शेडवाल्याला आकडा कळवतात, रॅक किती ठेवायचे त्यासाठी. जास्त सांगून कमी नेलं तर त्याचे रॅक रिकामे राहतात, कमी सांगून जास्त नेलं तर द्राक्षं क्रेटमध्ये कुजतात. म्हणून ते नेहमी दोन आकडे सांगतात. "अठरा धर. बावीसची तयारी ठेव." शेडवाला एवढी वर्षं यावरच चालला आहे.

सोमवारी आम्ही अण्णांकडे गेलो आणि मी विचारलं, भाड्याचं पहिलं बिल कधी निघतं? ते म्हणाले, माल बाहेर पडेल तेव्हा, पाऊसकाळाच्या तोंडावर. बँकेच्या तारणाचा कागद? मार्चमध्ये. मग फेब्रुवारीच्या पहिल्या ट्रकला काय लागतं? अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. दिवाणजी म्हणाले, "पावती आणि थप्पीचा नंबर. बाकी मी वहीत बघतो तोवर." नव्वदमधल्या बावन्न चिठ्ठ्या उरल्या. त्या हजारापैकी साडेआठशे वेळा चौदा आठवड्यांत संपत होत्या, म्हणजे नाताळपर्यंत. जानेवारी दिवाणजींच्या हाताखाली वापरून बघायला मोकळा.

त्याच बैठकीत मी अण्णांना आणखी एक सांगितलं. स्क्रम नावाची जी पद्धत आम्ही थोडीफार वापरतो तिच्या मार्गदर्शिकेत पूर्वी पंधरवड्याच्या कामाला बांधिलकी म्हणायचे, 2011 मध्ये तिथं पूर्वानुमान असा शब्द आला. लोकांना हा शब्दांचा खेळ वाटला होता. मराठीत तर त्यासाठी अस्सल शब्द आहेत. अंदाज वेगळा आणि शब्द वेगळा. अंदाज बदलला तर तो कळवायचा असतो. शब्द मोडला तर तोंड दाखवायची सोय राहत नाही. मी अण्णांना म्हटलं, आज मी तुम्हाला अंदाज देतेय. दर पंधरा दिवसांनी नवा देईन. शब्द द्यायची वेळ येईल तेव्हा शब्द म्हणूनच सांगेन. त्यांना हे फारसं आवडलं नसावं. व्यापारी माणूस शब्दावर जगतो. पण ते हो म्हणाले.

नोव्हेंबरात, छाटणीनंतरच्या एक्केचाळिसाव्या दिवशी, पहाटे साडेपाचला आबांचा फोन आला. रात्रभर पाऊस झाला होता. ऐन फुलोऱ्यात. मणीगळ होणार, दावण्याची, म्हणजे बुरशीच्या रोगाची भीती. "बारा धरायचं आता," ते म्हणाले. आवाज जड होता. मी विचारलं, शेडवाल्याला कधी सांगणार? पंधरा दिवस थांबून बघू या का, कदाचित सावरेल.

"त्याला आत्ताच फोन केला की. तुझ्या आदी." मग थोडं थांबून म्हणाले, "रॅक रिकामं ऱ्हायचं त्याचं. आजच दुसऱ्या कुनाला तरी देईल."

मी ऑफिसात आले तर स्टिकरचा शेवटचा नमुना आला होता. चेंबरमध्ये तीन आठवडे ठेवून बाहेर काढलेला. निम्म्या बॉक्सवरचे कोपरे सुटले होते, ओल्या पट्ट्यांवर स्कॅनर नुसताच लाल डोळा लावून बसत होता. दुसऱ्या जातीचं स्टिकर मागवायचं, पुन्हा तीन आठवडे ठेवायचं. धाकटा काही बोलला नाही, पण त्याला स्वतःचं खरं ठरल्याचा आनंद झालेला नव्हता एवढं दिसत होतं. टीममधलं कुणीतरी म्हणालं, दोन आठवड्यांनी ठरलेली बैठक आहेच, तेव्हा सांगू, तोवर कदाचित मार्ग निघेल. पहाटे मी आबांना अगदी हेच म्हटलं होतं.

फोन उचलून मी अण्णांना सांगितलं, बारकोड फेब्रुवारीत येणार नाही. कदाचित एप्रिल, कदाचित पुढच्या हंगामात. पहिले काही महिने बॉक्सवर नंबर हातानं घालावा लागेल.

पलीकडून वजनकाट्यावरचे आवाज येत होते. अण्णा म्हणाले, "मग मला दोन पोरं जास्त लागतील लिहायला. बरं. आत्ता सांगितलंत म्हणून मिळतील. जानेवारीत माणूस मिळत नाही." मग म्हणाले, "पावती तरी मिळेल ना, ताई? पहिल्या गाडीला?"

"मिळेल."

"हा अंदाज का शब्द?"

"शब्द," मी म्हटलं. पावती आम्ही आदल्या शुक्रवारीच त्यांच्या काट्याशेजारच्या प्रिंटरवर, दिवाणजींना समोर बसवून, छापून बघितली होती.